गौराबाई आणि बोटीच्या फळ्या

कडावपासून चौकापर्यंतच्या गावांत गौराबाईचा हात नावाजलेला होता, आणि तो शेणासाठी. हसू नका. सारवण ही काही कुणीही उठावं आणि करावी अशी गोष्ट नव्हे. शेण किती, माती किती, पाणी किती, हात कुठून फिरवायला घ्यायचा आणि कुठं उचलायचा, हे सगळं जमलं तर जमीन अशी उतरते की सांडलेला भात उचलून तोंडात घालावा. चुकलं तर चार दिवसांत पोपडे. गौराबाईच्या जमिनीला पोपडा धरलेला कुणी पाहिला नव्हता. लग्नाच्या मांडवाला तिला मुद्दाम बोलावणं यायचं. कशेळ्याच्या एका लग्नात म्हणे व्याह्यांनी नवरीकडं बघायच्या आधी अंगणाकडं बघितलं आणि म्हणाले, "ही जमीन जिनं केली ती पोरगी दाखवा." गौराबाईच्या लग्नाला तेव्हा दहा वर्षं झाली होती. ही गोष्ट ती स्वतःच सांगायची, आणि दर खेपेला त्यातल्या व्याह्यांची संख्या एकानं वाढायची.

अशा बाईच्या नशिबात काय यावं? तर पाण्याचं बोटही लावायचं नाही अशी जमीन.

झालं असं. साठ सालच्या भातलावणीत बैलानं तिच्या नवऱ्याच्या, नवशाच्या, पावलावर पाय दिला. हाड बसलं, पण वाकडं बसलं. चिखलात उभं राहणं बंद झालं. शेत दिरांनी कसायला घेतलं, वाट्याचं भात वेळेवर मिळत होतं, दीरही वाईट नव्हते. पण दिराच्या ओसरीवर राहणं ते राहणं. चूल पेटवायच्या आधी जावेच्या तोंडाकडं बघायचं. चार गावांची अंगणं जिच्या हाताखालून गेली, तिला स्वतःचा हातभर उंबरा उरला नाही. गौराबाई हसतमुख बाई, पण ही गोष्ट तिला आतून खात होती.

तेवढ्यात खबर आली. चौक आणि कर्जत यांच्या मध्ये, डोंगराच्या पायथ्याला मुंबईचे कुणी गुप्तेसाहेब बंगला बांधत होते. राखण करायला नवरा-बायको हवे होते. मागं दोन खोल्या, स्वतंत्र चूल, स्वतंत्र दार. गौराबाईनं पगार विचारला नाही. ती दार बघून आली. आतून कडी होती, बाहेरून कडी होती. "आपलं दार आपून लावायचं, आपून उघडायचं," ती नवशाला म्हणाली. "आता हितनं मला कोन हालवतंय ते बघते."

गुप्तेसाहेबांची चाळीस वर्षं मुंबईच्या गोदीत गेली होती. निवृत्त होताना माणसं घड्याळ घेतात, साहेबांनी मोडीत निघालेल्या एका जुन्या बोटीचा डेक लिलावात घेतला. अस्सल साग. त्याच्या चिरून काढलेल्या फळ्या ट्रकमधून चौकाला आल्या तेव्हा धाब्यावरची माणसं जेवणं टाकून बघायला उठली. डोंगराच्या कुशीत आणि बोटीचं लाकूड! साहेबांनी कडावच्या कोंडाजी सुताराला बोलावलं. कोंडाजी म्हणजे शब्दाला कमी आणि रंध्याला पक्का माणूस. दोन हात उंच जोतं, त्यावर आडव्या तुळया, तुळयांवर फळ्या, आणि दोन फळ्यांच्या सांध्यात नख जाईल तर शपथ. साहेब त्या जमिनीवर उभे राहून येईल त्याला सांगायचे, "हे लाकूड अर्धं आयुष्य समुद्र पिऊन बसलंय. तुमचा पाऊस याला काय करणार?"

साहेबांनी गौराबाईला समोर बसवून नियम सांगितले. एकूण एकवीस निघाले. पाणी सांडायचं नाही. सांडलं तर तिथल्या तिथं कोरड्या फडक्यानं टिपायचं. ओल्या पायानं आत यायचं नाही. केरसुणी मऊ. महिन्यातून एकदा जवसाचं तेल आणि मेण चोळायचं. गौराबाईनं सगळं ऐकलं आणि मान हलवली.

"आनि श्येन कवा लावायचं?"

"शेण?" साहेबांच्या हातातला चष्मा खाली पडायचा राहिला. "गौराबाई, या घरात शेणाचं नावसुद्धा काढायचं नाही."

"मंग जमीन शुद्ध कवा व्हायची?"

"तेलानं होईल."

पुढच्या बाजाराला तिनं माहेरच्या मैनेला सांगितलं, "आमच्या हितली जमीन न्हातच नाय गं. नुसती त्याल लावून बसते."

पहिले आठ दिवस ती त्या जमिनीवर परक्याच्या घरात चालावं तशी चालली. नवशा तर दारातच अडला. "गौरे, हितं पाय ठेवायला भ्या वाटतंय."

"नका ठेवू. तसाबी तुमचा एकच चालतोय."

पण हात तो हात. एकदा तेल चोळायला बसली आणि लाकडाच्या रेषा वर येताना दिसल्या, तेव्हा गौराबाईचा जीव तिथं जडला. कुठल्या फळीला गाठ आहे, कुठली फळी उन्हं आली की आधी तापते, खिडकीखालची कुठली थंड राहते, हे तिला तळपायानं कळायला लागलं. महिन्याभरात ती "साहेबांची जमीन" म्हणायची थांबली. "माझी जमीन" म्हणायला लागली. साहेबांनी एकदा ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

मग वैशाख आला, आणि आगोट आली. आता कर्जत-खालापूरच्या पावसाला ज्यानं तोंड दिलंय त्याला आगोट म्हणजे काय ते सांगायला नको. पाऊस यायच्या आधी चार महिन्यांची सोय लावायची, सरपण कोरडं ठेवायचं, घराला पेंढ्याच्या झड्या बांधून भिंती झाकायच्या. यात जी बाई कमी पडली तिला अख्खा श्रावण धूर खात बसावं लागतं. गौराबाई कसली कमी पडते! तिनं बंगल्याभोवती एक चक्कर टाकली आणि तिला भोकं दिसली.

जोत्याला चारी बाजूंनी वीतभर रुंदीची आठ भोकं होती, लोखंडी जाळी बसवलेली. एका भोकापाशी चैत्रात फुरशाची कात सापडली होती. "घराला आठ भोकं ठिवून पाऊस आंगावर घेनारा मुंबैवालाच आसनार," असं म्हणून गौराबाईनं आठही भोकांत दगड भरले, वर चिखल थापला आणि त्यावर शेणाचा हात फिरवला. एकवीस नियमांत बाहेरच्या जोत्याचा एकही नियम नव्हता! किती तरी दिवसांनी हाताला शेण लागलं होतं. खूश होऊन तिनं आठही भोकं अशी सारवली की कुठं भोक होतं ते शोधून सापडू नये. त्यापुढं पावसानं भिजू नये म्हणून भिंतीला चिकटून सरपण रचलं, त्यावर गोवऱ्या, आणि सगळ्यांवरून पेंढ्याच्या झड्या. नवशानं झड्या बांधल्या. बांधण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

ज्येष्ठाच्या सुरुवातीला साहेब मुंबईचं बिऱ्हाड आवरायला जाण्याआधी घराभोवती फिरले. पाठीमागे हात बांधून ती रास बघितली आणि म्हणाले, "वा! गौराबाई, बंदराला बोट बांधावी तसं घर बांधलंस की." गौराबाई त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त जेवली. आता दसऱ्याला साहेब आणि बाईसाहेब कायमचे राहायला येणार होते. तोवर घर तिच्या स्वाधीन.

पावसाळा नेहमीसारखा पडला. डोंगरावरून येणारं पाणी जोत्याच्या मागून झरत राहिलं, पण आत थेंब नाही. गौराबाईनं एकवीसच्या एकवीस नियम पाळले. पाळले म्हणजे, गौरी येईपर्यंत पाळले.

भाद्रपदात गौरीच्या आदल्या दिवशी तिच्या खोलीतली कौलं सरकली आणि नेमका गौर बसवायचा कोपरा गळायला लागला. नवशाला वर चढवणं शक्य नव्हतं. गौर तर आणलीच पाहिजे. मग ती बंगल्याच्या मागच्या खोलीत बसवायची, हे ठरलं. पण माहेरवाशीण दारापासून आत पावलं टाकत येणार आणि पावलांखाली सारवलेली जमीन नाही? कोरड्या लाकडावरून देवीला चालवायचं? गौराबाईनं अर्धा दिवस स्वतःशी भांडण केलं. शेवटी तिनं हातभर रुंदीचा एक पट्टा, दारापासून गौरीच्या पाटापर्यंत, अगदी पातळ, नखाइतका पातळ सारवला. त्यावर पिठाची पावलं काढली. गौर आली, जेवली, गेली. गौराबाईनं पट्टा खरवडला, फडक्यानं पुसला, दोनदा तेल चोळलं. वास गेला. मनातली टोचणी काही गेली नाही.

आणि दहाव्या दिवशी तिच्या तळपायाला कड लागली.

तिनं पुन्हा पाय फिरवला. फळीच्या दोन्ही कडा वर आल्या होत्या आणि मधे पन्हळ पडली होती. तीही त्याच पट्ट्यातली फळी! गौरीपायी केलं आणि गौरीलाच रुचलं नाही, असं तिला वाटलं. तिनं फळीवर पाटा-वरवंटा ठेवला. दोन दिवसांनी पाटा हलवला तर फळी तशीच. मग तिनं नवशाला त्या फळीवर बसवलं.

"किती वेळ बसू?"

"फळी बसंपतुर."

नवशा सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसला. तसाही तो बसूनच असायचा, पण त्या दिवशी त्याला कामाला बसल्याचं समाधान होतं. फळी बसली नाही. उलट शेजारची उठली. मग तिसरी. पुढच्या पंधरवड्यात बैठकीच्या खोलीतल्या जमिनीवर अशा बारीक बारीक पन्हळी पडल्या की गोटी सोडली असती तर ती एका पन्हळीत अडकून सरळ भिंतीपर्यंत गेली असती. तांब्या डुगडुगायला लागला. कपाटाचं दार आपोआप उघडायला लागलं. गौराबाई दिवसातून दहा वेळा त्या जमिनीवरून हात फिरवायची आणि दहा वेळा डोळ्याला पदर लावायची. जमीन बिघडली याचं दुःख होतंच. पण दसरा जवळ आला होता, आणि आपल्या दाराची कडी आता आपल्या हातात राहत नाही हे तिला दिसत होतं.

साहेब दसऱ्याच्या आधी एकटेच पाहणीला आले. टॅक्सीतून उतरले, हसत आत आले आणि तिसऱ्या पावलाला ठेचकाळले. त्यानंतर साहेब जे बोलले ते बहुतेक इंग्रजीत होतं, म्हणून कुणाला फारसं लागलं नाही. मराठीत एवढंच कळलं, "त्या कोंडाजीला बोलवा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडाजी सायकलवरून आला. जमीन बघितली आणि खाली बसला.

"कच्चं काम केलंस," साहेब म्हणाले. "समुद्रानं ज्याला काही केलं नाही ते लाकूड तू एका वर्षात वाकडं केलंस. चार गावांत सांगेन मी."

कोंडाजीचा चेहरा उतरला. आपलं कुठं चुकलं तेच त्याला समजत नव्हतं. शेवटी त्यानं पिशवीतून रंधा काढला. "साहेब, उठलेल्या कडा तासून देतो. सरळ होईल. पैसा नको."

गौराबाई दारात उभी होती. गप्प बसली असती तर झालं असतं. नाव कोंडाजीचं गेलं असतं, दार तिचं राहिलं असतं. खोटं कशाला बोला, एक क्षण तिच्या मनात तसं आलंही. पण कोंडाजी रंधा घेऊन ती उठलेली कड नुसती चाचपत बसला होता. दुसऱ्या कारागिरावर असा डाग येताना बघणं तिला जमलं नाही.

"साहेब, कोंडाजीदादाचा दोष नाय. म्या सारवली."

"काय?"

"जमीन. गौरीला. हातभर."

साहेब लाल झाले, मग पांढरे झाले. हळू आवाजात म्हणाले, "एकवीस नियम होते, गौराबाई. एकच मोडायचा तर हाच मिळाला तुला? सामान बांध. दसऱ्याच्या आत खोल्या मोकळ्या कर." आणि कोंडाजीला म्हणाले, "बघतोस काय? तास."

हे ऐकून गौराबाई तिथंच खाली बसली. तिच्या नजरेच्या रेषेत आता ती जमीन होती, कडा वर आणि मध्य खाली, एकेक फळी पन्हळीसारखी. सवयीनं तिनं हात फिरवला. हे असं आपण कुठंतरी बघितलंय. अशा वर आलेल्या कडा. कोंडाजीनं रंधा फळीवर टेकवला आणि गौराबाईच्या डोक्यात लख्ख झालं. पोपडा! ओल्या भुईवर घाईनं सारवलं, वरनं ऊन लागलं आणि खालून ओल राहिली, की पोपडा असाच धरतो. वरचं सुकतं तसं आखडतं, खालचं फुगलेलंच राहतं, मग कडा वर उचलतात.

"थांबा!" ती ओरडली, आणि सरळ फळीवर, रंध्याच्या पुढं जाऊन बसली.

"ऊठ, वयनी," कोंडाजी म्हणाला.

"नाय उठत. दादा, वरनं पानी लागलं आसतं तर फळी वर फुगली आसती. पोट वर आलं आसतं तिचं. हितं कडा वर हायेत. वर सुकं हाय, ओल खाली हाय. आता तासलीस तर कडा पातळ व्हतील, आनि खालची ओल गेली का समदी फळी उलटी पाठ काढंल. मंग जल्मात सरळ व्हायची नाय."

"गौराबाई," साहेब कडाडले, "तुला मी आत्ताच—"

"व्हय, काढलंत ना मला. मंग आता मला भ्या कुनाचं? दादा, एक फळी उचल. येकच."

कोंडाजीनं साहेबांकडं बघितलं, मग गौराबाईकडं. सुताराला जे कळायला हवं होतं ते सारवणारीनं सांगितलं याची लाज त्याच्या तोंडावर होती, पण डोळ्यांत वेगळंच काही चमकत होतं. त्यानं भिंतीकडच्या फळीखाली पटाशी घातली. खिळे करकरले. फळी उलटी झाली, आणि खोलीत पावसाळ्यातल्या रानासारखा वास भरला. वरून आरशासारखी असलेली फळी खालून काळी पडली होती. तिच्यावर पांढरी बुरशी, बुरशीवर थेंब, आणि एका कोपऱ्यात चक्क तीन अळंब्या उगवल्या होत्या.

"आयला," कोंडाजी म्हणाला. हा त्याचा त्या दिवसातला पहिला मोकळा शब्द. "साहेब, हातभर सारवनानं सागाला शिंक सुदीक येत नाय. ही चार म्हयन्याची ओल हाय. खाली वाराच नाय. पन वारा नाय कसा? आठ झरोके ठेवलेत मी." आणि तो बाहेर पळाला. मागोमाग साहेब. त्यांच्या मागं लंगडत नवशा.

बाहेर झरोके नव्हते. सरपण होतं, गोवऱ्या होत्या, झड्या होत्या. कोंडाजीनं लाकडं ओढली तर मागं गुळगुळीत जोतं, कुठंच भोक नाही.

गौराबाई शेवटी आली. बघितलं, आणि तिला कळून चुकलं. ज्या पापासाठी ती महिनाभर झुरत होती ते पापच नव्हतं. आणि जिच्यासाठी शाबासकी घेतली, दोन भाकऱ्या जास्त जेवली, त्या आगोटीनंच जमिनीचा घास घेतला होता. आता याचा उलगडा तिच्याशिवाय कुणाला करता आला नसता. सारवण इतकं साफ होतं की कोंडाजी स्वतःच्या डोक्यावर संशय घ्यायला लागला होता.

"भोकं हितं हायेत," ती म्हणाली आणि बोटानं एकेक जागा दाखवत गेली. "ही मीच बुजवली. घर कोरडं ऱ्हावं म्हनून."

साहेब वाकून सारवलेल्या जोत्यावर बोट फिरवून बघू लागले. कोंडाजीच बोलला. "साहेब, झरोके कशाला आसत्यात ते तुमी हिला सांगितलं व्हतं का?"

"मी? मला वाटलं तू सांगशील."

"मला वाटलं तुमी सांगाल. तुमी एकवीस सांगितले, म्हनलं त्यात बाविसावा आसंलच."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आपणही ही रास बघून वाहवा केली होती, हे त्यांना आठवलं असावं. पण साहेब म्हणजे साहेब, एकदम कसे नमणार? म्हणाले, "ठीक आहे. शिमग्यापर्यंत थांबतो. तोवर जमीन बसली, तर रहा. सगळी बसली पाहिजे. नाही बसली, तर माझा शब्द खरा."

त्या दिवसापासून गौराबाईनं जी धाव घेतली ती शिमग्यालाच थांबली. आठही भोकं तिनं स्वतः फोडली. सरपण परसात हलवलं. कोंडाजीनं चारी भिंतींकडची एकेक फळी काढून ठेवली, म्हणजे खालचा दमटपणा वर यायला वाट राहील, आणि फळ्यांना फुगायला-आखडायला जागा राहील. जोत्यामागून झरणारं पाणी दूर जावं म्हणून नवशानं चर खणला. बसून खणला, पण खणला. तुळशीच्या लग्नानंतर वारा फिरला, कोरडा झाला, आणि घराखालून असा वाहायला लागला की झरोक्यापाशी धरलेली पेंढ्याची काडी आत ओढली जायची. गौराबाई रोज सकाळी सगळ्या खोल्यांतून अनवाणी एक फेरी घालायची, हळूहळू, डोळे मिटून. नवशा विचारायचा, "काय म्हनते?" ती सांगायची, "खिडकीखालची दोन खाली गेल्यात." कधी म्हणायची, "आज रुसली हाय. काल ढग व्हते ना." नवशा म्हणायचा, "नवऱ्याचंबी एवढं कौतुक कुनी करत नाय." पौष गेला, माघ गेला. एकेक फळी, घाई न करता, आपापल्या जागी परत येत होती. कोंडाजी मधून मधून यायचा, रंधा पिशवीतून न काढताच बघायचा आणि गौराबाईच्या हातचा चहा पिऊन जायचा. माघाच्या शेवटी त्यानं भिंतींकडच्या काढलेल्या फळ्याही परत बसवल्या.

शिमग्याच्या आदल्या दिवशी साहेब आणि बाईसाहेब सामानसुमान घेऊन आले. कोंडाजीलाही बोलावून घेतलं होतं. साहेब बुटांसह आत शिरले. बैठकीतून जेवणाच्या खोलीत, तिथून मागच्या खोलीत, तिथून परत. कपाट उघडलं, सोडलं, दार जागच्या जागी राहिलं. तांब्या जमिनीवर ठेवला, बोटानं ढकलला, डुगडुगला नाही. साहेबांचा चेहरा फुलला. "बसली! सगळी बसली! कोंडाजी, गौराबाई, अरे बघता काय?"

कोंडाजी हसला. नवशा हसला. गौराबाई मात्र हसली नाही.

"साहेब, एक बसली नाय."

नवशानं तिला मागून कोपर मारलं. तिनं लक्ष दिलं नाही.

"कुठली? मला तर दिसत नाही."

"दिसायची नाय. बूट काढा."

त्या घरात साहेबांना असं कुणी बोललं नव्हतं, बाईसाहेब सोडून. साहेबांनी बूट काढले, मोजे काढले आणि लहान मुलासारखे हात पसरून, तळपायानं चाचपत निघाले. मागच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी थांबले. पाय मागं-पुढं फिरवला. "ही! ही होय! कड लागते!" त्यांना इतका आनंद झाला की शोधायची ती गोष्ट आपल्याच नुकसानीची होती हे ते क्षणभर विसरले. मग आठवलं. त्यांनी मान वर केली.

गौराबाई पदर खोचून उभी होती. तिला रडू येत होतं आणि ते ती दाबत होती. "तुमचा शब्द व्हता. समदी बसली पायजे. लबाडीनं ऱ्हायाचं नव्हतं मला हितं, म्हनून सांगितलं."

साहेब त्या फळीवर अनवाणी उभे होते. बाईसाहेबांकडं बघितलं.

"गोदीत चाळीस वर्षं काढली मी, गौराबाई," साहेब म्हणाले. "हजारो माणसं हाताखालून गेली. आपली चूक आपणहून सांगायला कुणी आलं नाही. तू तीनदा आलीस." मग घसा खाकरून त्यांनी नेहमीचा करडा आवाज लावला. "शब्द तर शब्द. एक फळी उठलेली आहे. म्हणजे काम संपलेलं नाही. आणि काम संपल्याशिवाय माणसानं जायचं नाही, ही आमच्या गोदीची शिस्त."

गौराबाई त्या बंगल्यात पुढं बावीस वर्षं राहिली. तिच्या दाराची कडी शेवटपर्यंत तिनंच लावली आणि तिनंच उघडली. उंबऱ्यापाशीची ती फळी काही बसली नाही. कोंडाजी दर वर्षी शिमग्याला रंधा घेऊन यायचा, म्हणायचा, "साहेब, आता चांगली सुकली हाय, दोन हात मारले का झालं." आणि साहेब दर वर्षी त्याला चहा पाजून, गप्पा मारून, रंधा पिशवीतून बाहेर न काढू देता परत पाठवायचे.